पण त्या फळीवरून जायचं कुठं?

नवी मुंबईत पाण्याला तोटा नाही. मोरबे धरण आमचं स्वतःचं आहे, हे मी ठाण्याच्या नातेवाइकांना उन्हाळ्यात मुद्दाम सांगते. पामबीच रोडला लागून खाडी आहे, सीवूड्सला तळी आहेत, आणि पावसाळ्यात तर काही रस्तेही पाण्याखाली असतात. नाही ती फक्त लाट. का नाही, हे मला आता मध्यरात्री उठवून विचारलंत तरी सांगेन. लाट वाऱ्यानं तयार होते आणि तिला वाढायला शेकडो किलोमीटर मोकळा समुद्र लागतो. पार खाली, अंटार्क्टिकाच्या वरच्या समुद्रातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्रापर्यंत येतात. पण त्यांच्या आणि आमच्या मध्ये अख्खी मुंबई आडवी पडलेली आहे. आमच्या वाट्याला येते ती भरती-ओहोटी. पाणी चढतं, उतरतं, मागे गाळ ठेवतं आणि त्या गाळात फ्लेमिंगो एका पायावर निवांत उभे राहतात. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला तो असल्या पाणथळीसाठी आणि पक्ष्यांसाठी.

अशा गावात राहून, पंचेचाळिशी उलटल्यावर, मी सर्फिंग शिकायला घेतलं.

याचं खापर माझ्या भाच्यावर. २०२४च्या ऑलिम्पिकमधली सर्फिंगची स्पर्धा पॅरिसपासून पंधरा हजारांहून जास्त किलोमीटरवर, ताहिती बेटावर तेआहूपोला झाली. तिथला तो गाजलेला फोटो तुम्ही पाहिला असेलच. ब्राझीलचा गाब्रिएल मेदिना समुद्राच्या वर हवेत ताठ उभा, एक बोट आकाशाकडे, आणि शेजारी त्याची फळीही तशीच ताठ. भाच्यानं तो फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, तुला जमेल.’ हे तो कशाच्या आधारावर म्हणाला ते त्यालाच ठाऊक. मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना तू माझा दंड धरतेस.’ झालं. इतका वेळ फक्त फोटो बघत होते, आता शिकणं भाग पडलं.

सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग त्यांच्या पद्धतीनं मुळावर घाव घातला.

‘पण त्या फळीवरून जायचं कुठं?’

‘किनाऱ्यावर, आई.’

‘आणि निघायचं कुठून?’

‘किनाऱ्यावरूनच.’

‘मग?’

या ‘मग’ला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पोळ्या लाटायला घेतल्या.

सर्फिंगचा पहिला धडा पाण्याशिवाय शिकता येतो, असं भाच्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्याला पॉप-अप म्हणतात. पालथं झोपायचं, तळवे बरगड्यांशेजारी टेकायचे, आणि एका झटक्यात अंग उचलून पुढचा पाय दोन हातांच्या मध्ये आणून उभं राहायचं. गुडघे वाकलेले, नजर समोर. व्हिडिओतली मुलगी हे करते तेव्हा आधी ती आडवी दिसते आणि नंतर उभी दिसते. मधलं काही दिसतच नाही. माझं सगळं मधलंच होतं. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग टी-पॉयचा आधार, मग ‘आई गं’, आणि मग सासूबाईंचं आतून ‘काय गं?’ भाचा म्हणाला, गुडघा टेकायचाच नाही, एकदा ती सवय लागली की जन्मभर सुटत नाही. गुडघा न टेकता उठायची सवय मात्र सुटून जमाना झाला होता, त्याचं काय करायचं ते त्यानं सांगितलं नाही.

हॉलमध्ये गादी टाकून सराव सुरू झाला. स्वयंपाक आटपला की मी धाडकन पडायची आणि धाडकन उठायची. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला.

‘अगं, तुमच्याकडे कांडप सुरू केलंय का?’

‘नाही हो काकू.’

‘नाही, आवाज येतो ना रोज. केलं असेल तर दोन किलो मिरची द्यायची होती. बाहेर हल्ली भेसळ करतात.’

मी खरं सांगितलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली: ‘सदस्यांनी रात्री साडेनऊनंतर जड वस्तू सरकवू अथवा आपटू नयेत.’ जड वस्तूनं ती वाचली आणि सरावाची वेळ सकाळवर नेली.

मग प्रश्न आला पायाचा. डावा पाय पुढे असेल तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे असेल तर गूफी. दोन्हींत चांगलं-वाईट काही नाही, पण आपण कोण ते आधी ठरलेलं बरं, कारण फळीची दोरी मागच्या घोट्याला बांधायची असते. ठरवायची पद्धत अगदी साधी: सैल उभं राहायचं आणि आपण बेसावध असताना कुणीतरी मागून ढकलायचं. तोल सावरायला जो पाय पुढे जाईल, तो पुढचा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला बायकोला ढकलायची रीतसर परवानगी मिळते, आणि हा माणूस मागे उभा राहून विचारतो, ‘ढकलू?’ मग खांद्यावर बोटं टेकवतो. एकही पाय हलेना. तेवढ्यात देवघरातून बाहेर येणाऱ्या सासूबाईंनी, ‘हो बाजूला, मी बघते,’ म्हणत एका हातानं असं काही लोटलं की मी थेट टीव्हीच्या कपाटापाशी पोचले. उजवा पाय पुढे. गूफी. पुढे समुद्रावर माझं एकही अनुमान बरोबर निघालं नाही, पण सासूबाईंचं हे निदान शंभर टक्के टिकलं.

या खेळाबद्दल एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. यात उभं राहणं फार थोडं असतं. ऑलिम्पिकची एक फेरी साधारण अर्ध्या तासाची. त्यात घेतलेल्या लाटांपैकी सर्वांत चांगल्या दोनच धरतात, प्रत्येकीला दहापैकी गुण. एकेक लाट काही सेकंदांची. उरलेला सगळा वेळ हे जगज्जेते पालथं पडून हातांनी पाणी मारत असतात, नाहीतर फळीवर बसून क्षितिजाकडे बघत असतात. ते बसून बघणं मला लगेच जमलं असतं. पाणी मारणं वेगळं. छाती उचललेली, मान वर, पाय जुळलेले आणि खांदे सतत चालू. सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये थर्माकोलच्या फळीवर मी हे करायला लागले, तर उथळ भागातली पोरं माझ्यामागे रांग लावून आली. त्यांना वाटलं, काकू आगगाडी खेळतायत.

दिवाळी उलटली आणि आम्ही पनवेलहून मत्स्यगंधा एक्सप्रेस पकडली. दुपारी चढलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मुल्की. मंगळुरूच्या अलीकडचं हे गाव. पावसाळ्यात इथला समुद्र नवशिक्यांना उभं करत नाही. नंतर मात्र लाटा माणसांत येतात. जायची परवानगी मिळवणं अनपेक्षितपणे सोपं गेलं. मुल्कीला सर्फिंग रुजवलं ते एका अमेरिकन स्वामींनी, आश्रमात राहून, हे मी सहज बोलून गेले. सासूबाईंनी माळ खाली ठेवली. ‘स्वामींचं स्थान आहे म्हणतेस? मग जाऊन या. आणि माझा नमस्कार सांग.’ स्वामी स्वतः फळीवर उभे राहून लाटा घ्यायचे, हा तपशील मी गाळला.

शिकवणारा मुलगा जेमतेम बावीसचा, तिथलाच, आपसात तुळू आणि आमच्याशी हिंदी बोलणारा. मला तो अक्का म्हणायचा. त्यानं माझ्यासमोर निळी, मऊ फोमची, नऊ फुटी फळी ठेवली. नवशिक्यांना मोठी फळी, कारण ती जास्त तरंगते आणि कमी डगमगते. पट्टीच्या लोकांच्या फळ्या सहा फुटांच्या आसपास. ती फळी माझ्या काखेत मावेना. शेवटी नवऱ्यानं पुढचं टोक धरलं, मी मागचं, आणि आम्ही वाळूतून निघालो. किनाऱ्यावरच्या दोन बायकांनी आमच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

सुरुवात फेसात. लाट फुटून गेल्यावर जो पांढरा खळाळ किनाऱ्याकडे धावतो, त्यात. फळीवर फार पुढे झोपलं तर नाक पाण्यात घुसतं आणि आपण फळीच्या पुढून निघतो. फार मागे झोपलं तर लाट आपल्याला वगळून पुढे जाते. मधली जागा बोटभर. ती सापडली की पोरगा मागून फळी ढकलणार आणि ओरडणार, ‘अक्का, उठो!’ मी उठायची. म्हणजे, उठायला लागायची. तोवर लाट किनाऱ्यावर बसलेल्या कुणाचं तरी बूड भिजवून परतसुद्धा यायची.

‘अक्का, नीचे मत देखो!’

हा त्याचा मंत्र. जिथं नजर, तिथं फळी. पायांकडे पाहिलं की खालीच जायचं. शास्त्र म्हणून मला पटलं. पण आपण उभे आहोत की नाही, हे बघायचा हक्क माणसाला असू नये? मी दर वेळी बघितलं आणि दर वेळी उत्तर ‘नाही’ आलं. पडण्याचेही नियम आहेत. डोक्यावर सूर मारायचा नाही, पसरट पडायचं, कारण खाली पाणी किती आहे ते माहीत नसतं. वर येताना हात डोक्यावर धरायचे, कारण दोरीला बांधलेली फळी आपल्याला शोधत परत येत असते. लाट ओढून नेऊ लागली आणि परतीचा प्रवाह समुद्राकडे खेचू लागला, तर त्याच्याशी भांडायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं. हा शेवटचा नियम मी न हसता पाठ केला.

आणि एकदा उभी राहिले. कशी ते विचारू नका. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, तोंड उघडं, समोर अख्खा किनारा माझ्याकडे येतोय. फळीखालचे पर वाळूला घासेपर्यंत मी उभी होते. किनाऱ्यावर नवरा शूटिंग करत होता. त्या व्हिडिओत एक खेकडा आहे. मागे माझी किंकाळी ऐकू येते, पण खेकडा फार स्पष्ट आलाय.

संध्याकाळी त्या मुलानं वाळूत काठीनं पुढचा अभ्यासक्रम काढला. फेस सुटला की न फुटलेली हिरवी लाट. तिथं पोचायचं तर फुटणाऱ्या लाटांतून आत जायचं. मोठी फळी असेल तर लाट आली की फळीसकट उलटं होऊन खाली लटकायचं, याला टर्टल रोल म्हणतात. आत गेल्यावर रांगेचा कायदा: लाट जिथं फुटतेय त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. मध्येच घुसणारा म्हणजे लोकलमध्ये चौथ्या सीटला टेकून हळूहळू खिडकी गाठणारा. त्याला समुद्रातही तेच ऐकवतात. मग लाटेवरून सरळ किनाऱ्याकडे न येता, तिच्या भिंतीवरून आडवं जायचं. मग बॉटम टर्न, लाटेच्या पायथ्याशी वळून पुन्हा वर. हे आलं नाही तर पुढचं काहीच येत नाही. मग वरच्या कडेवर टॉप टर्न. मग कटबॅक: लाटेच्या पुढे निघून गेलात, जोर संपला, की गर्रकन वळून पुन्हा फुटणाऱ्या भागाकडे जायचं. मग फुटत्या कडेवरूनच घसरत जाणारा फ्लोटर, मग लाटेच्या पोटातली नळी, आणि सगळ्यात शेवटी हवेत उडी. ‘आणि तो फोटोतला?’ मी विचारलं. तो म्हणाला, तो तर लाट संपवून बाहेर पडत होता. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध सर्फिंगचा फोटो लाटेवरून उतरणाऱ्या माणसाचा आहे. उतरणं तर मी सकाळपासून करत होते. फोटोग्राफर चांगला हवा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दहाएक वर्षांची एक मुलगी माझ्या डोळ्यांदेखत कटबॅक मारून गेली. तेव्हा कुठे ती वाळूतली आकृती डोक्यात शिरली. आम्ही नवशिके लाट फुटली की तिच्यापुढे धूम ठोकतो. ती मुलगी पळून पुढे गेली, थांबली, आणि जिथं पाणी कोसळत होतं तिथंच परत गेली, कारण सगळा जोर तिथंच असतो.

घरी आल्यावर मी सासूबाईंना उत्तर दिलं. ‘आई, कुठंच जायचं नसतं. जिथं लाट फुटते, त्याच्या जवळ राहायचं आणि पडायचं नाही.’

त्या मेथी निवडत होत्या. ‘एवढंच? मग त्याला समुद्र कशाला? मी या घरात आल्यापासून तेच करतेय.’

हल्ली पार्किंगमध्ये सर्फस्केट, म्हणजे चाकांची फळी, चालवते. भाच्यानं दिलंय, पुढची चाकं अंग वळेल तशी वळतात, त्यामुळे जमिनीवर बॉटम टर्नचा सराव होतो. पाण्याच्या टाकीच्या झाकणाला वळसा, सेक्रेटरींच्या गाडीला शक्य तितकं अंतर. वॉचमन शिट्टी वाजवतो. ती मला अडवायला की गाड्यांना, हे अजून ठरलेलं नाही.

परवा दारावरची बेल वाजली. खालच्या काकू. मी आधीच माफीच्या सुरात म्हणाले, ‘काकू, आता मी घरात करत नाही हो.’

‘ते नव्हे गं.’ त्यांनी चपला काढल्या, हॉलच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि पदर खोचला. ‘ते तुझं पायाचं काय असतं, मागून ढकलून बघतात ते? माझा कुठला येतो बघ बरं.’

मी पुढे व्हायच्या आत सासूबाईंनी मेथीची परात बाजूला सारली.