रम्य बालपण घरच्या घरी कसं तयार करावं

चाळिशी लागली की हातातलं अक्षर दिसेनासं होतं आणि चाळीस वर्षांमागचं बालपण मात्र लख्ख दिसू लागतं. तुमचं अजून तितकंसं लख्ख नसेल, तर काळजी नको. चारचौघांत सांगण्याजोगं बालपण घरच्या घरी तयार करता येतं. सामान थोडं लागतं: एखादा जुना फोटो, एखादी बोलघेवडी मावशी आणि ऐकायला एक लहान मूल, ज्याला मधेच उठून जायची परवानगी नाही.

सुरुवात पहिल्या आठवणीपासून करा. ती जितकी आधीची, तितका मान जास्त. सर्वसाधारण माणसाची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, म्हणजे तुमची त्याच्या बरीच आधीची हवी. बाबागाडीत पडल्या पडल्या आभाळ पाहिलेलं आठवतं, असं बिनदिक्कत सांगा. संगत भरपूर मिळेल. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६,६४१ लोकांना पहिली आठवण विचारली, तेव्हा २,४८७ जणांनी दोन वर्षांची किंवा त्याच्याही आधीची सांगितली. त्यातले ८९३ जण तर एक वर्ष किंवा त्याच्याही खाली उतरले. संशोधकांच्या मते या आठवणी बहुधा खऱ्या नाहीत. त्या वयात मेंदूची आठवणी जपून ठेवण्याची यंत्रणाच पुरती उभी राहिलेली नसते. असेना का. गप्पांच्या बैठकीत मेंदू तपासायला कोण येतंय?

आठवण स्वतःची नसली तरी चालते, हे ध्यानात ठेवा. मुलांच्या विचारांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या ज्याँ पियाजे यांनीच हे दाखवून दिलंय, तेही स्वतःवरून. पॅरिसमधल्या शाँझेलिझेवर दाई त्यांना बाबागाडीतून फिरवत होती. एका माणसाने त्यांना पळवायचा प्रयत्न केला. ते पट्ट्याने बांधलेले होते म्हणून वाचले, दाईने झटापट केली, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, लोक जमले, पोलीस आला, चोर पळाला. पियाजेंना हे सगळं डोळ्यांसमोर दिसायचं, ओरखड्यांसकट. ते पंधरा वर्षांचे होते तेव्हा दाईचं पत्र आलं: मी ती गोष्ट रचली होती, बक्षीस दिलेलं घड्याळ परत करते. तात्पर्य इतकंच, की जुन्या दाईची पत्रं उघडत जाऊ नका.

दाई नसेल त्यांनी फोटोवर भागवावं. २००२ सालच्या एका प्रयोगात २० माणसांना त्यांचाच बालपणीचा फोटो दाखवला, पण कारागिरी करून त्यांना गरम हवेच्या बलूनमध्ये बसवलेलं होतं. तीन मुलाखती होईपर्यंत निम्म्या लोकांना ती सफर थोडीफार आठवू लागली होती. भावंडांपासून मात्र सावध राहा. ‘पडलो मी होतो, रडलास तू’ असं भर मैफलीत सांगणारा मोठा भाऊ हा या कामातला सर्वात मोठा अडथळा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासात तर एकच प्रसंग दोघंही ‘हे माझ्या बाबतीत घडलं’ म्हणून ठामपणे सांगताना आढळली. तेव्हा आठवण सांगण्याआधी खोलीत कोण कोण आहे, हे एकदा पाहून घ्यावं.

तुमच्या बालपणाची सोय झाली. आता समोरच्या मुलाकडे वळू. समजा ते उकिडवं बसून मुंग्या बघतंय. एका मेलेल्या पाखराचा पंख त्यांनी उभा धरलाय, शिडासारखा, आणि तो फरशीच्या फटीपाशी येऊन अडलाय. मुंग्या पंख आडवा करणार की मोडणार, हे पाहायला मुलाने श्वाससुद्धा रोखून धरलाय. नेमक्या याच क्षणी त्याला दंडाला धरून उठवा आणि ‘चल, उशीर होतोय’ म्हणा. संध्याकाळी पाहुण्यांसमोर त्याच्याच देखत सांगा, ‘आम्ही तासन्‌तास मुंग्या बघत बसायचो. हल्लीच्या मुलांना कशातच रस नाही.’

मुलाला फार काही कळत नाही, यावर तुमची श्रद्धा अढळ असू द्या. आधाराला पुन्हा पियाजे आहेतच. वस्तूंच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या, ‘दोन्हींत सारख्याच आहेत ना?’ विचारायचं. मूल हो म्हणतं. मग एक ओळ लांबवायची आणि तेच पुन्हा विचारायचं. आता लहान मूल म्हणतं, ‘लांब ओळीत जास्त.’ आपण कौतुकाने हसायचं आणि इथेच थांबायचं. कारण १९७०च्या दशकात एडिंबरामधल्या संशोधकांनी हाच प्रयोग केला, पण ओळ मोठ्या माणसाने नव्हे, तर एका खोडकर टेडी अस्वलाने विस्कटली. तेव्हा बरोबर उत्तर देणारी मुलं कितीतरी वाढली. काही मुलांचा घोळ मोजणीत नव्हताच, असं दिसतं. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी केलं आणि लगेच तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे त्याला पहिलं उत्तर पसंत नाही, असा सरळ अर्थ त्यांनी लावला होता. वस्तूंपेक्षा त्यांचा अभ्यास तुमच्या चेहऱ्याचा जास्त. ही माहिती घरात पसरू देऊ नये.

वेळेच्या बाबतीत ‘पाचच मिनिटं’ हा शब्दप्रयोग सढळ हाताने वापरा. पॉल जाने नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८७७ साली हिशेब मांडला होता: दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग वाटतो, पन्नाशीच्या माणसाला पन्नासावा. म्हणजे तुमची फोनवरची पाच मिनिटं दाराशी चपला घालून उभ्या असलेल्या मुलाला किती वाटत असतील, हा त्रैराशिकाचा प्रश्न झाला. त्यात तुम्ही पडू नका, तुम्ही फोनवर आहात.

आणि हे सगळं मुलाच्या लक्षात राहील, ही भीती तर बाळगूच नका. तीन वर्षांच्या वयातले प्रसंग मुलांना पाचव्या-सहाव्या वर्षी बऱ्यापैकी आठवतात; आठव्या-नवव्या वर्षापर्यंत त्यातले बरेचसे पुसले जातात. ती रिकामी जागा तुमचीच. तिथे एखादा छान फोटो ठेवा आणि अधूनमधून विचारत जा, ‘आठवतं ना, तेव्हा आपण किती मजा करायचो?’ मूल ‘नाही’ म्हणालं, तर रागावू नका. तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारा.