वसमतच्या हळदीवर हे व्हायलाच हवं

औषधी वनस्पतींतले घटक पाण्याने काढण्यावरचा लेख वाचला, त्यातला मुद्दा पटला. दाबाखालच्या गरम पाण्याने औषधी वनस्पतींतले घटक काढले तर अ‍ॅसिटोन, हेक्झेनसारखे द्रावक (घटक विरघळवणारी रसायनं) टाळता येतात. पण हे साध्या काढ्याचं काम नाही. घरचा कुकर जेमतेम 120 अंशांपर्यंत जातो. 200 अंशांवर पाणी द्रव ठेवायला सुमारे 16 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास 16 पट दाब लागतो. एवढ्या तापमानाला पाण्याचा स्वभावच पालटतो. 25 अंशांना त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पाणी कोणत्या प्रकारचे पदार्थ विरघळवेल याचा अंदाज देणारा आकडा) 78 च्या आसपास असतो, 250 अंशांना 27 वर येतो, म्हणजे जवळपास मेथॅनॉल-इथेनॉलसारखा. म्हणूनच एरवी पाण्यात न विरघळणारं कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, त्यात उतरू लागतं.

खरी मेख पुढेच आहे, आणि लेखात ती यायला हवी होती. कर्क्युमिन उष्णतेने मोडतं. तापमान वाढवलं की निघतं जास्त, टिकतं कमी. त्यामुळे मिनिटांचा हिशेब ठेवून लगेच थंड करावं लागतं.

आमच्या हिंगोली-नांदेडकडे हळद शिजवून, वाळवून, ड्रममध्ये पॉलिश केली की खाली पिवळी कणी उरते. मोंढ्यात तिला हळकुंडाचा भाव नाही, पण कर्क्युमिन तिच्यातही असतं. वसमतच्या हळद संशोधन केंद्राने या कणीवरच पहिली चाचणी घ्यावी, आणि आकडे शेतकरी गटांना मराठीत द्यावेत.