हळद रेडिएटरमध्ये घालू नका

"हेड गॅस्केट लीक झालंय? मेकॅनिकला पैसे देऊ नका. इंजिन गरम असतानाच रेडिएटरमध्ये चार चमचे हळद घाला, बोल्ट कचकचून आवळा, बाहेरनं सिलिकॉन लावा, जाड ऑइल घाला, पाच वर्षं बघायला नको." हा मेसेज फिरत फिरत आमच्या मामांकडं आला. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्या वरचा भाग, हेड, यांच्यामधलं पॅकिंग. रविवारी सकाळी गेलो तर मामा कोल्हापुरात रंकाळा तलावावरनं आत्ताच चालवत आणलेल्या जुन्या मारुती 800 चं बॉनेट उघडून उभे, एका हातात हळदीचा डबा आणि दुसरा हात फडक्यानं रेडिएटरच्या झाकणावर.

आधी ते "गरम असतानाच". हे लिहिणाऱ्यानं गरम रेडिएटर कधी उघडलेला नाही. झाकण आत साधारण 0.9 बार, म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेएवढा जादा दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर डिग्रीच्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि झाकण फिरवलं की दाब सुटतो आन् तेच पाणी उसळून थेट तोंडावर. फडक्यानं काय थांबणार? वरचा होजपाइप हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, विषय संपला.

आता हळद. रेडिएटरला टाचणीएवढं भोक असेल तर भुकटी तिथं अडकून गळती थांबते हे खरंय, ट्रकवाले घाटात अडकले की गॅरेज गाठण्यापुरतं करायचे. पण हेड पॅकिंग म्हणजे रेडिएटर न्हवं. सिलिंडरात पेट्रोल जळताना दाब 40 बारच्या आसपास जातो, त्याला हळद अडवणार? ती विरघळत पण नाही, बारीक नळ्यांत जाऊन बसते, गाडी आणखी तापते आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. सुझुकीच्या सर्व्हिस मॅन्युअलात हेड किती वाकलेलं चालतं याची मर्यादा 0.05 मिलिमीटर दिलीय, साध्या झेरॉक्स कागदाच्या निम्मी. त्याच्या पुढं गेलं की नुसतं पॅकिंग बदलून भागत नाही, हेड उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, नेऊन फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, आणावं लागतं.

बोल्ट आवळायचं म्हणाल तर त्याच मॅन्युअलात हेडचे बोल्ट मधनं बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्यानं, आवळा म्हणून लिहिलंय. टॅपेट कव्हरचे, म्हणजे हेडच्या वरच्या झाकणाचे, तर बारकेच असतात, जोर लावला की आटे जातात. तेलकट जागेवर सिलिकॉन धरत नाही. पॅकिंगचं कडक झालेलं रबर जाड ऑइलनं मऊ होत नाही.

मेकॅनिक लुटतात हे साफ खोटं म्हणत नाही, मामांनाच एकानं बघताक्षणी "हेड उतरवायला लागतंय" सांगितलं होतं. पण हेड पॅकिंग गेल्याची एक पण खूण नव्हती: डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल स्वच्छ, चहासारखं झालेलं नाही, कूलंट कमी होत नाही, पांढरा धूर नाही. हेडला काहीच झालं नव्हतं! ऑइल टॅपेट कव्हरच्या कडेनं झिरपून सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडत होतं, जळका वास येत होता तो त्याचाच, आणि आग लागायची भीती पण तिथंच. कव्हर काढलं, दोन्ही बाजू पुसून कोरड्या केल्या, काही शे रुपयांचं नवं पॅकिंग बसवलं. जुनं बोटानं वाकवलं तर कडकन मोडलं.

त्या तुकड्यांचा फोटो मी त्याच ग्रुपवर टाकलाय. ज्यांनी मेसेज पुढं ढकललाय त्यांनी निदान "गरम असतानाच" एवढं तरी आजच्या आज काढा.