एक ते दोन मला फोन करू नका

भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये, एवढं साधं वळण या लोकांना कुणी लावलंच नाही का?

काल दुपारी सव्वाएकला ताट वाढून घेतलं. येसर आमटी, कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. भाकरी चुरली, वर आमटी ओतली आणि लॅपटॉप वाजायला लागला. ‘दोनच मिनिटं, अर्जंट आहे, कॅमेरा चालू ठेवा.’ त्या दोन मिनिटांचा पाऊण तास झाला. आणि अर्जंट काय होतं? शुक्रवारी जाणाऱ्या रिपोर्टमधले दोन रकाने इकडचे तिकडे करायचे होते. शुक्रवारी! काल सोमवार होता!

पोटात कावळे ओरडत होते, म्हणून चुरायचा राहिलेला भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. कडक भाकरीच ती, वाजणारच. माइकमधून कडकड सगळ्यांना ऐकू गेली. तर पुण्यात बसलेले साहेब अख्ख्या टीमसमोर म्हणतात, “मॅडम, जेवण नंतर करा ना. तुम्ही तर घरीच असता, तुम्हाला केव्हाही जेवता येतं.”

केव्हाही? केव्हा ते सांगा ना! तुम्ही साडेबारालाच कँटीनमध्ये जेवून, हात पुसून खुर्चीत बसलात. माझ्या आमटीवर तेल साकळलं, भाकरीचा लगदा झाला. परत गरम करून खायची इच्छाच मेली. रात्रभर तेच ‘घरीच असता’ डोक्यात घुमत होतं.

कॅलेंडरवर रोज एक ते पावणेदोन ‘जेवण’ असं ठळक लिहून ठेवलंय. नेमकी त्यावरच मीटिंग पडते. चॅटवरचा हिरवा ठिपका पिवळा झाला की लगेच ‘आहात का?’ नाहीये! जेवतेय!

घरच्यांचं वेगळंच. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणार, तेही नेमकं जेवायच्या वेळेला सुटणार, मग घास टाकून मोटर लावायला पळा. वरच्या मजल्यावरच्यांचं पार्सल आलं की बेल आमची. ‘ती घरीच आहे की!’ नणंदेचा फोनही त्याच वेळेला. नवरा ऑफिसात एक वाजता डबा उघडतो, त्याला कुणी म्हणतं का, जरा सिलिंडर उतरवून घे?

आमचे आजोबा इथल्या कापड गिरणीत होते. भोंगा झाला की डबा उघडायचा, त्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. १९४८ च्या कारखाना कायद्यातच होतं, सलग पाच तासांच्या वर काम नाही, मधे निदान अर्धा तास विश्रांती. ऑफिसवाल्यांसाठी महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही अर्ध्या तासाची सुट्टी लिहिलीय. साचे चालवणाऱ्याला मिळत होती ती सुट्टी लॅपटॉप चालवणाऱ्या बाईनं मागितली की कामचुकार!

पगार वाढवा म्हणत नाहीये मी. गरम जेवण मागतेय, तेही माझ्या घरचं, मीच रांधलेलं.

उद्यापासून एकला लॅपटॉप मिटणार. नळाला पाणी सुटो नाहीतर साहेब तापोत. ज्याला रकाने हलवायचेत त्यानं दोन वाजता यावं.