तीन कोटी येन आणि आमचा फॅमिली ग्रुप

गेल्या ऑक्टोबरात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्तेभावानं एक बातमी टाकली, जपाननं परदेशी लोकांच्या बिझनेस व्हिसाचे नियम कडक केले म्हणून, आणि खाली लिहिलं की बघा, याला म्हणतात राज्य चालवणं, आपल्याकडं लोक मुंबईत येऊन वीस-वीस वर्षं राहतात तरी मराठीचा एक शब्द बोलत नाहीत. त्यावर भराभर अंगठे आले, काकांनी पण टाकला. ती बातमी माझ्याबद्दल होती हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मी टोकियोत एदोगावा वॉर्डात राहतो, निशी-कासाई स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. हा भाग भारतीयांचा म्हणूनच ओळखला जातो, २०१९ला आपले योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या असेंब्लीवर (आपल्या नगरपालिकेसारखी) निवडून आले होते. मी २०१६ला इंजिनियर म्हणून आलो, चार वर्षं नोकरी केली आणि २०२०मध्ये ती सोडून डब्यांचं काम सुरू केलं, पोळी-भाजी, वरण-भात, शनिवारी साबुदाणा खिचडी. त्यासाठी जो व्हिसा लागतो त्याला इथं केइएइ-कान्री म्हणतात, म्हणजे धंदा चालवणाऱ्याचा व्हिसा. तेव्हा अट होती ५० लाख येन भांडवल किंवा दोन फुलटाइम माणसं. मी ५० लाख उभे केले, नोकरीतली सगळी शिल्लक आणि दादाकडून थोडे.

१६ ऑक्टोबर २०२५पासून तीच अट ३ कोटी येन झाली. सहापट. आपल्या पैशात पावणेदोन कोटींच्या आसपास. शिवाय एक फुलटाइम माणूस पाहिजेच, आणि तो जपानी किंवा पर्मनंट रेसिडेंट वगैरे असला पाहिजे. माझ्याकडं दोन नेपाळी विद्यार्थी काम करतात, दोघंही मनापासून करतात, पण त्यांना आठवड्याला २८ तासांच्या वर काम करता येत नाही आणि या अटीत ते धरलेच जात नाहीत. मग मालकाला तीन वर्षांचा मॅनेजमेंटचा अनुभव किंवा मास्टर्स डिग्री, नव्या अर्जाचा बिझनेस प्लॅन सीए-टॅक्स अकाउंटंटसारख्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा, आणि मालक किंवा फुलटाइम माणूस यांपैकी एकाला साधारण एन-२ लेव्हलचं (जपानी भाषा परीक्षेच्या पाच पायऱ्यांतली वरून दुसरी) जपानी आलं पाहिजे.

हे का झालं ते इथं राहणाऱ्याला कळतं. ५० लाख दाखवून कागदावर कंपनी काढायची, धंदा काहीच नाही आणि व्हिसा मात्र हातात, असे प्रकार खरंच वाढले होते, आणि जुलैच्या निवडणुकीत 'जपानी फर्स्ट' म्हणणाऱ्या पक्षाला वरच्या सभागृहात १४ जागा मिळाल्यावर सगळ्याच पक्षांना परदेशी लोकांबद्दल काहीतरी कडक बोलावं लागलं. सरकारला गाळणी लावायचा पूर्ण हक्क आहे, माझं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण गाळणी पैशाची लावली हे मला पटत नाही. हा व्हिसा असलेले आम्ही २०२४च्या शेवटी ४१ हजारांच्या आसपास लोक होतो आणि त्यातल्या फार थोड्यांकडं ३ कोटी भांडवल आहे. ज्याच्याकडं बक्कळ पैसा आहे तो कागदी कंपनी ३ कोटींनी पण काढेल. खरा धंदा ओळखायचा तर टॅक्स भरला का, माणसांचा सोशल इन्शुरन्स भरला का, गिऱ्हाईक आहे का ते बघा, ही सगळी माहिती सरकारकडंच असते.

आमच्यासारख्या जुन्या लोकांना तीन वर्षांची मुदत आहे, १६ ऑक्टोबर २०२८पर्यंत, तोवर रिन्यूअलला धंदा कसा चाललाय ते बघून ठरवणार. त्यानंतरही टॅक्स नीट भरलेला असेल आणि पुढच्या रिन्यूअलपर्यंत अट पूर्ण होण्यासारखी असेल तर विचार करू असं म्हटलंय. ही मुदत दिली याबद्दल मला खरंच बरं वाटतं. पण नव्याने येणाऱ्यांसाठी मसुदा ऑगस्टच्या शेवटी आला, पक्का नियम १० ऑक्टोबरला आणि लागू १६ला. नाशिकच्या माझ्या एका मित्रानं सप्टेंबरात दुकानाचा करार केला होता, डिपॉझिट, की-मनी (जागामालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम) सगळं भरून, आणि कंपनीची नोंदणी व्हायच्या आत तारीख निघून गेली. तो परत गेला. मुलांची शाळा पण बघून ठेवली होती त्यानं.

माझ्यापुरतं सांगायचं तर सगळ्यात जास्त लागलं ते पीआरचं, म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सीचं. यंदा मला जपानमध्ये दहा वर्षं झाली, या वर्षी पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज करायचा असं आम्ही कधीपासून ठरवलं होतं. आता या व्हिसावर असलेल्यानं नवीन अटी पूर्ण केल्याशिवाय पीआर मिळणार नाही. म्हणजे आधी आणखी अडीच कोटी येन आणा. भांडवल वाढवायचं म्हटलं तरी नुसत्या नोंदणीचा टॅक्स ०.७ टक्के, म्हणजे १ लाख ७५ हजार येन, आणि भांडवल १ कोटीच्या वर गेलं की धंद्यात नफा असो नसो, वर्षाचा ठरलेला स्थानिक टॅक्स ७० हजारांवरून १ लाख ८० हजार. दादा म्हणतो सांगलीची जमीन विकू. मी नको म्हणतो आणि रात्री बायको आणि मी परत तोच हिशोब मांडून बसतो.

आता आत्तेभावाच्या मुद्द्याकडं येतो, कारण त्याचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. भाषेची अट मला टोचत नाही. उलट दहा वर्षं इथं राहून, इथल्या लोकांना जेवू घालून मी अजून एन-३वरच अडकलोय ही माझी चूक आहे, आणि नियमानं मला परत पुस्तक उघडायला लावलं हे चांगलंच झालं. महाराष्ट्रात राहणाऱ्यानं मराठी शिकावं हे मी आजही ठामपणे म्हणतो. दुकानांवर मराठी पाट्या लागाव्यात म्हणून सुप्रीम कोर्टाला २०२३मध्ये दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली, याचं मला लांब राहून पण वाईट वाटलं होतं.

पण २०२५च्या जुलैमध्ये मीरा रोडच्या त्या दुकानदाराला मराठीवरून मारल्याचा व्हिडिओ याच ग्रुपवर फिरला तेव्हा मी तो माझ्या किचनमध्ये उभा राहून बघितला, आणि मला त्या माणसाच्या जागी मीच दिसलो. मला इथं कुणी हात लावलेला नाही. मला कागद आलाय, त्यावर तारीख आहे, कुठली परीक्षा ते लिहिलंय, ती वर्षातून दोनदा होते, आणि आमच्या वॉर्डात व्हॉलंटियर आजी-आजोबा जवळजवळ फुकट जपानी शिकवतात, माझ्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, ७४ वर्षांच्या आहेत आणि मी गैरहजर राहिलो तर फोन करतात. सांगलीत भेळ विकणाऱ्या बिहारी माणसाला संध्याकाळी गाडी बंद करून मराठी शिकायला जाता येईल असा एक वर्ग मी तरी आमच्या गावात पाहिलेला नाही. आपल्याकडं २०१६ला रिक्षा परमिटला मराठीची अट घातली, पुढच्या वर्षी हायकोर्टानं ती रद्द केली, पण त्या सगळ्या वादात त्या रिक्षावाल्यांना मराठी शिकवणार कोण हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, बरंच लांब झालं. आत्तेभाऊ दोन दिवस काही बोलला नाही, मग त्याचा फोन आला, अरे तुला किती कमी पडतायत ते आधी सांग की. आकडा सांगितल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, आमच्या बिल्डिंगचा वॉचमन यूपीचा आहे, त्याला रविवारी तासभर शिकवायला बसू का, पण सुरुवात कशानं करायची तेच कळत नाही. मी माझ्या सेन्सेईंनी पहिल्या दिवशी जे शिकवलं होतं ते सांगितलं, आधी त्याचं नाव-गाव सांगायला शिकव आणि मग त्याला रोज लागणारे दहा शब्द त्यालाच विचार.