पंपाने काढलेलं दूध शिळं नसतं, आणि साठलेलं दूध ‘तापत’ही नाही

मागच्या मंगळवारी माझ्या धाकट्या जावेने घरी आल्या आल्या दोन बाटल्या दूध बेसिनमध्ये ओतून दिलं. तिचं स्वतःचं दूध. मरोळच्या ऑफिसात दुपारी आणि संध्याकाळी पंप लावून काढलेलं, आइस पॅकच्या पिशवीत घालून घाटकोपरमार्गे डोंबिवलीपर्यंत जपत आणलेलं. रात्री तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. दूध ओतल्याचं तिला काही वाटत नव्हतं. आधीचे पंधरा दिवस बाळाला तेच दूध पाजलं, याने तिचा जीव खालीवर होत होता.

त्या दुपारी सासरच्या ग्रुपवर आत्यांनी एक मेसेज पाठवला होता. तोच मला नंतर माहेरच्या ग्रुपवर आला, सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: पंपाने काढलेलं दूध तासाभरात शिळं होतं आणि फ्रिजमध्ये ठेवलं की विषासमान होतं. आई दिवसभर बाहेर असली की अंगातलं दूध तापतं, म्हणून घरी आल्यावर पहिलं दूध पिळून टाकावं. यंत्राने दूध आटतं. बाटलीला लागलेलं बाळ पुन्हा अंगावर पीत नाही. सहा महिन्यांनंतर दुधात नुसतं पाणी उरतं. आणि शेवटी, ऑफिस म्हणजे गोठा नव्हे, डब्याचं दूध मिळत असताना हा खटाटोप कशाला.

आत्यांनी तो काळजीपोटीच पाठवला, याबद्दल मला शंका नाही. पण मी स्वतः दहिसर ते चर्चगेट रोजचा प्रवास करत, लेक पाच महिन्यांची असल्यापासून पंधरा महिन्यांची होईपर्यंत दूध काढलं आहे. हा मेसेज वाचून जी बाई आज दूध ओतून देत असेल तिच्यासाठी एकेक गोष्ट नीट सांगायला हवी.

‘तासाभरात शिळं, फ्रिजमध्ये विष.’ स्वच्छ हातांनी स्वच्छ बाटलीत काढलेलं आईचं ताजं दूध २५ अंश तापमानापर्यंत ४ तास चांगलं राहतं. फ्रिजमध्ये, म्हणजे ४ अंशांच्या आसपास, ४ दिवस. डीप फ्रीझरमध्ये ६ महिने. गोठवलेले आइस पॅक घातलेल्या जाड पिशवीत २४ तास. हे आकडे पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी आहेत. बाळ कमी दिवसांचं किंवा आजारी असेल तर डॉक्टर सांगतील तेच करायचं. विकत आणलेलं पिशवीतलं दूध ओट्यावर राहिलं की नासतं, हे लहानपणापासून पाहिलेलं असतं आणि तोच हिशोब आपण आईच्या दुधाला लावतो. पण या दुधात प्रतिपिंडं असतात, लॅक्टोफेरिन नावाचं जंतूंना रोखणारं प्रथिन असतं, जिवंत पेशी असतात. ताजं असताना ते जंतूंना काही तास वाढू देत नाही.

मुंबईत एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवायची. २५ अंश हे आपल्या घरातलं तापमान नाही. मे महिन्यात पंख्याखालीही पारा तिशीच्या वर असतो, आणि गर्दीच्या लेडीज डब्यात तर विचारायलाच नको. म्हणून ४ तासांचा नियम मी एसी ऑफिसपुरताच धरला, तोही नाइलाज असेल तेव्हा. एरवी दूध काढलं की झाकण लावून, तारीख-वेळ लिहून, ऑफिसच्या फ्रिजमध्ये मागच्या बाजूला. दारात ठेवायचं नाही, कारण दार दिवसातून पन्नासदा उघडतं. निघताना बाटल्या आइस पॅकच्या पिशवीत, घरी पोचलं की थेट फ्रिजमध्ये. पावसाळ्यात एकदा गाडी पाऊण तास मालाडजवळ उभी राहिली. पिशवी मी मांडीवर घेऊन बसले होते, घरी आल्यावर पाहिलं तर पॅक अजून टणक होते. ते दूध लेकीने दुसऱ्या दिवशी प्यायलं. आपल्याकडच्या एका दाराच्या फ्रिजमध्ये वर जो बर्फाचा कप्पा असतो, त्याला डीप फ्रीझर समजू नका. तिथे मी दोन आठवड्यांपेक्षा जास्त काही ठेवलं नाही.

दूध ‘फाटलं’ असं वाटण्यामागेही कारण आहे. फ्रिजमध्ये ठेवलं की स्निग्धांश वर येतो आणि खाली निळसर पातळ थर राहतो. बाटली हातात धरून हलकेच गोल फिरवली की दोन्ही एक होतात. काही जणींच्या दुधाला ठेवल्यावर साबणासारखा वास येतो. दुधातलंच लायपेज नावाचं विकर स्निग्धांश फोडतं, त्याचा तो वास असतो. दूध बाळाला चालतं, एखाद्या बाळाला चव आवडत नाही एवढंच. गरम करायचं तर कोमट पाण्याच्या वाडग्यात बाटली ठेवून. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही, कारण त्यात दूध मधेच कढत होतं आणि बाळाचं तोंड भाजतं. बाळाने पिऊन उष्टं ठेवलेलं दूध दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. टाकण्यासारखं दूध खरं तर हेच.

आणि फ्रिजमध्ये दूध विष होत असेल तर सायनला काय चाललं आहे? लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे आपल्या सायन हॉस्पिटलमध्ये, १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. तिथे आया दूध देतात, ते तपासलं जातं, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून पाश्चराइझ होतं, गोठवून ठेवलं जातं आणि कमी दिवसांच्या, हातभरही नसलेल्या बाळांना पाजलं जातं. पिळून काढून, साठवून ठेवलेलं आईचं दूध या शहरात इतकी वर्षं सगळ्यांत नाजूक बाळांना दिलं जात आहे.

‘अंगातलं दूध तापतं.’ या समजुतीवर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण ती मेसेजच्या कितीतरी आधीची आहे. माझ्या आजीनेही मला हेच सांगितलं होतं. उन्हातून आलीस, आधी गार पाण्याने छाती धू, पहिल्या चार धारा पिळून टाक, मग घे तिला. आजीच्या काळी बाई शेतातून यायची, घामाने भिजलेली, दमलेली. घरी येऊन हातपाय धुवावेत, दोन घोट पाणी प्यावं, मग बाळाला घ्यावं, यात शहाणपण होतंच. पण दूध टाकण्याला आधार नाही. आईच्या शरीराचं तापमान ऊन असो की एसी, ३७ अंशांच्या आसपासच राहतं, आणि छातीतलं दूधही तेवढंच. ते पातेल्यात ठेवलेलं नसतं. छातीत ते सतत तयार होत असतं, जिवंत शरीराच्या आत असतं, आणि आत राहून शिळं होत नाही.

बराच वेळ बाळ प्यायलं नाही तर सुरुवातीचं दूध पातळ येतं, एवढं मात्र खरं. पाण्यासारखं दिसतं म्हणून ‘खराब’ वाटत असावं. पण बाळ पीत राहिलं की मागून घट्ट, स्निग्ध दूध येतं. दोन्ही त्याच्याच वाटणीचं. दिवसभर आई नसलेलं बाळ संध्याकाळी दारात आवाज ऐकूनच हातपाय झाडायला लागतं, छातीत पान्हा दाटतो, ब्लाउज ओला होतो, आणि अशा वेळी त्याला बाजूला ठेवून मोरीत दूध पिळायचं? माझ्या जावेने मंगळवारी तेही केलं. बाळ बाहेर रडत होतं.

खरा धोका आहे तो दूध साठून राहण्यात, आणि तोही बाळाला नाही, आईला. सात-आठ तास काहीच काढलं नाही तर छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, कधी लाल होऊन ताप भरतो. तसं झालं तरी दूध पाजणं थांबवायचं नसतं. दूध निघत राहिलं पाहिजे आणि डॉक्टरांना दाखवलं पाहिजे.

‘यंत्राने दूध आटतं.’ नेमकं उलट आहे. छाती भरलेली राहिली की शरीराला निरोप जातो की एवढं नको, आणि दूध कमी होतं. रिकामी झाली की पुन्हा भरायचा निरोप जातो. कामाच्या वेळेत जी काढत नाही तिचंच दूध आटत जातं. पहिल्या दिवशी माझ्या बाटलीत दोन्हीकडचं मिळून चाळीस मिली आलं. मी मानलं की आटलंच. पण पंपात किती आलं यावरून छातीत किती आहे ते कळत नाही. बाळ ओढतं तसं कुठलंही यंत्र ओढत नाही. पंपाच्या, छातीला लावायच्या नरसाळ्याचं माप चुकीचं असेल तर दुखतं आणि दूधही कमी येतं. माझं तसंच झालं होतं, लहान माप घेतल्यावर फरक पडला. मन ताणलेलं असलं, कोणी दार ठोठावत असलं, तर पान्हा सुटत नाही. मी फोनवर लेकीचा झोपेतला व्हिडिओ लावायचे, तेव्हा उतरायचा.

पंपच हवा असंही नाही. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या एका मावशी बाळंतपणानंतर दीड महिन्यात कामावर परतल्या, त्यांना कुठली सव्वीस आठवड्यांची रजा. त्या हाताने काढायच्या. काळ्या भागाच्या जरा मागे अंगठा आणि बोटं ठेवून, आधी छातीकडे दाबून, मग बोटं जवळ आणून. घासायचं नाही, ओढायचं नाही, जागा बदलत राहायचं. मीच त्यांच्याकडून शिकले. पण त्या ते बेसिनमध्ये सोडून द्यायच्या, कारण बाळाला नेण्यासारखं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मग स्टीलचा एक झाकणाचा डबा उकळून आमच्या फ्रिजमध्ये ठेवायला लागलो.

‘बाटलीला लागलेलं बाळ अंगावर येत नाही.’ यात तथ्य आहे. बाटलीतून दूध सहज येतं, काही बाळांना ती सवय लागते. पण मग बाटली टाळा, दूध कशाला टाळता? आपल्याकडे वाटी-चमचा आहे, बोंडलं आहे. माझ्या सासूबाईंनी दहाही महिने वाटी-चमच्याने पाजलं. पहिला आठवडा अर्धं झबलं प्यायचं, मग बाळ आणि आजी दोघी तयार झाल्या. लेक दिवसा कमी प्यायची आणि रात्री मला सोडायची नाही. बऱ्याच बाळांचं असं होतं. झोपमोड होते, पण दूध टिकायला रात्रीचं पाजणं फार उपयोगी पडतं.

‘सहा महिन्यांनंतर पाणी.’ साफ खोटं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सहा ते बारा महिन्यांच्या बाळाला लागणाऱ्या ऊर्जेतली निम्मी किंवा त्याहून जास्त आईच्या दुधातून मिळू शकते, आणि दुसऱ्या वर्षीही साधारण एक तृतीयांश. सहा महिन्यांनंतर वरण-भात, नाचणी, फळं सुरू करायची ती दुधाच्या जोडीला.

राहिला गोठा. हा शब्द ज्याने लिहिला त्याने आपल्याच घरातल्या बाईचा अपमान केला आहे, आणि वाचून पुढे पाठवताना आपल्याला तो खटकला नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. डब्याचं दूध विष नाही, काही आयांना आणि बाळांना त्याची गरज लागते, आणि त्यासाठी कोणालाही अपराधी वाटू नये. पण ज्या आईच्या अंगावर दूध आहे आणि जिला पाजायचं आहे, तिला ‘कशाला खटाटोप’ म्हणणं वेगळं. दोन वर्षांखालच्या बाळांच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कंपनीला जे करता येत नाही ते काम हा मेसेज फुकटात करतो.

आपण हिरकणीची गोष्ट मुलांना सांगतो. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून ती कडा उतरली. एसटी स्टँडवरच्या कक्षांना आपण तिचं नाव दिलं. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. मग ऑफिसातल्या बाईला एक खोली मागताना मान खाली का घालावी लागते? मी पहिले तीन आठवडे रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या व्हाउचरच्या खोक्यावर बसून, पाठीने दार लोटून धरून दूध काढलं. शिपाईकाका फाइल घ्यायला आले की बाहेरून आधी खोकायचे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

कायद्याने हा हक्क आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीशिवाय, दिवसातून दोनदा बाळाला पाजण्यासाठी वेळ देण्याची तरतूद होती, आणि आता त्याची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराचीही. पंपाचा शब्द त्यात नाही. पण बाळ दहिसरला आणि आई चर्चगेटला असेल तर तो वेळ दुसरा कशासाठी वापरायचा?

मी दिलेला अर्ज चार ओळींचा होता: ‘माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. ते पंधरा महिन्यांचं होईपर्यंत मला दिवसातून दोनदा स्तनपानासाठीची सुट्टी मिळावी. त्यासाठी आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची आणि एक प्लग पॉइंट हवा. फ्रिजच्या एका कप्प्यात मी माझा झाकणाचा डबा ठेवीन.’ जावेने हाच अर्ज उतरवून घेतला आहे. फक्त पाचच्या जागी साडेपाच केलं.