रिसॉर्टला हजेरी सक्तीची, तालमीला मात्र वेळ नाही

आज डोकं फिरलंय. शनिवारी कर्जतच्या रिसॉर्टवर टीम आउटिंग, हजेरी सक्तीची. का, तर म्हणे कर्मचाऱ्यांवरचा ताण कमी व्हावा. आमच्यातली एक मुलगी हौशी रंगभूमीवर काम करते, त्याच दिवशी तिची रंगीत तालीम आहे. येत नाही म्हणाली, तर तिला अप्रेझलची आठवण करून दिली! हक्काच्या सुट्टीत साहेबांसमोर रस्सीखेच खेळायची, हा कसला विरंगुळा?

माझे बाबा ठाण्याला एका कारखान्यात टर्नर होते. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत कंपनीचं नाटक असायचं. स्पर्धा जवळ आली की नाटकातल्या सगळ्यांना फर्स्ट शिफ्ट लागायची आणि प्रयोगाच्या दिवशी भरपगारी रजा. कंपनीचा असा काय मोठा खर्च झाला? शिफ्टचा तक्ता बदलला, बस.

एरवी सेकंड शिफ्ट करून आले की बाबा कुणाशी बोलत नसत. तालमी सुरू झाल्या की आईला समोर बसवून संवाद म्हणायचे, ती चुकलेलं सांगायची. घर नुसतं हसतं असायचं.

1953 च्या कायद्याने आपल्याकडे कामगार कल्याण निधी उभा राहिला. आजही जून आणि डिसेंबरच्या पगारातून त्याची कपात होते, मालकही भर घालतो. बँका, रेल्वे, एअर इंडिया यांनी कबड्डीचे संघ बाळगले, टाइम्स शील्ड क्रिकेट स्पर्धेला ऑफिसांचे संघ उतरायचे. कामगाराला कामापलीकडे आयुष्य असतं, हे तेव्हा कुणाला पटवावं लागत नव्हतं. आता 70 तासांच्या आठवड्याचे उपदेश ऐकायचे.

मान्य, तेव्हाचे मालक काही दानशूर नव्हते, युनियनच्या रेट्यानेच बरंच मिळालं. रिसॉर्ट आवडतं त्यांनी खुशाल जावं.

पण बाबांचंच बघा. एका नाटकात फोरमन त्यांचा नोकर झाला होता. महिनाभर तो बाबांच्या शिव्या खात होता! पुढे लेथवर एखादा भाग घडवताना बिघडला तर बाबा लपवत नसत, सरळ जाऊन फोरमनला सांगत. एका दिवसाच्या सक्तीच्या सहलीतून हा विश्वास येत नाही.

तुमच्यातले बरेच जण आता टीम लीड, मॅनेजर झालात. कुणी तालमीला, ढोलपथकाच्या सरावाला, ट्रेकला वेळ मागितला तर शिफ्ट बदलून द्या ना. आणि त्याचा हिशेब अप्रेझलमध्ये काढू नका.